पत्ते कोण वाटणार

नेरूळच्या आमच्या घराला दोन दारं, दोन बेल, विजेचे दोन मीटर.
शेजारचे कुट्टन दुबईला गेले तेव्हा
बाबांनी त्यांची खोली घेतली, मधली भिंत फोडली.
फोडली म्हणजे दरवाजापुरती.
बाकीची भिंत अजून सिडकोचीच आहे
आणि तिच्यातून वाय-फाय जात नाही.

हॉलमध्ये चार दांड्या, उंबऱ्यावर दोन,
माझ्या टेबलाशी नुसतं गरगरणारं चक्र.
रात्री दीडला टोरांटोचा कुणी गृहस्थ
मध्येच गोठतो, तोंड उघडं ठेवून,
आणि मी म्हणत राहते, ऐकतेय सर, बोला,
जे खरं नसतं.

म्हणून माळ्यावरचा जुना राउटर काढला,
पुसला, पाठीमागच्या भोकात टाचणी
दहा सेकंद दाबून धरली
आणि तो आपलं सगळं विसरला.

वायर मी ओढतो, बाबा म्हणाले.
चौतीस वर्षं टेलिफोनमध्ये जॉइंटर.
लँडलाइन जाऊन सहा वर्षं झाली तरी
तिची वायर पाइपात तशीच होती,
हॉलपासून थेट कुट्टनच्या खोलीपर्यंत,
त्यांनीच कधीतरी एक्स्टेंशनसाठी घातलेली.
तिच्या शेपटीला नवी केबल बांधली, वर चिकटपट्टी,
खोबरेल तेलाचं एक बोट,
आणि पलीकडून ओढली. सावकाश.
जुनी जेवढी बाहेर येई
तेवढीच नवी आत जाई.

मग चष्मा कपाळावर. टोक सोलून तारा उलगडल्या.
"निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी... राखाडी कुठंय?"
यात राखाडी नसते बाबा. चारच जोड्या.
"आणि हे काय? हिरव्या जोडीच्या मध्ये निळी घुसवायची?
जोडी फोडली तर आमच्याकडे मेमो मिळायचा."
पण फोडली, चित्रात होती तशी,
आणि पक्कड दाबली. कट्ट.

निळं तोंड बाहेरच्या जगासाठी, पिवळी घरातल्यांसाठी,
वायर पिवळ्यातून पिवळ्यात, एवढं मला माहीत होतं.
तरी चालेना.
उलट हॉलमधलंही गेलं.
आईची मालिका नेमकी थपडेवर थांबली.

साडेदहाला कळलं:
दोन्ही डब्यांचा नंबर एकच
आणि दोघंही पत्ते वाटतायत,
जो येईल त्याला, एकमेकांना न विचारता.
बाबांना सांगितलं.
"म्हणजे मेंढीकोटाला बसलोय
आणि लोखंडेही पिसतोय, कुरुपही पिसतोय,
दोघांकडे वेगळा कॅट.
इस्पिकचा एक्का दोन हातांत."
अगदी तेच.
"मग एकाला सांग ना, तू खेळ,
पण वाटू नकोस."

सांगितलं.
एका चौकोनातली बरोबरची खूण पुसली,
नंबराच्या शेवटी एकाच्या जागी दोन,
चॅनेल लांबचं, म्हणजे एकमेकांवर बोलणार नाहीत.
नाव तेच ठेवलं, तोरसकर.
पासवर्डही तोच,
आमच्या बंद पडलेल्या फोनचा नंबर.

बाबा मोबाइल घेऊन आत गेले.
उंबऱ्यावर थांबले, दांड्या मोजल्या.
आत जाऊन मला फोन लावला, चेहऱ्यासकट.
"हॅलो, टेस्टिंग. तोरसकर बोलतोय.
आवाज स्वच्छ येतोय का?"
आधी दारातून आला,
मग अर्ध्या सेकंदाने माझ्या हातातून.
म्हटलं, दोन्हीकडून येतोय.

मोबाइल त्यांनी माझ्या टेबलावर टेकवून ठेवला होता
आणि जुनी वायर कोपराभोवती गुंडाळत होते,
भंगारात द्यायची गोष्ट, पण एकेक वेटोळं नीट.
"हिच्यातही राखाडी नव्हती," ते म्हणाले,
मला की वायरला, कळलं नाही.
"घरापर्यंत एकच जोडी यायची."